कारविरहित नंदी : के. आर. पुरमच्या सायकलस्वारांसाठी मार्गदर्शिका

के. आर. पुरमहून नंदीच्या डोंगरावर सायकलने जायचं आणि वाटेत एकही कार लागू द्यायची नाही, असा संकल्प टिन फॅक्टरी ते व्हाइटफील्ड या पट्ट्यातल्या मराठी घरांत पावसाळा सरला की हमखास होतो. अंतर साधारण ५५ किलोमीटर. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, नंदीचा माथा १,४७८ मीटरवर. हा आकडा सिंहगडापेक्षा मोठा निघतो म्हणून पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये. पहिले ९०० मीटर बंगळुरूने आपल्यासाठी आधीच चढून ठेवले आहेत. राहता राहिला कारचा प्रश्न. तो पुढील पायऱ्यांनी सुटतो.

पायरी १ : कार कशाला म्हणायचं ते ठरवा

निघण्याआधी गाड्यांची वर्गवारी करून घ्यावी. पाण्याचा टँकर ही कार नव्हे. खडीचा टिपर, सिमेंट कालवत जाणारा मिक्सर, बीएमटीसीची बस, टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेला टेम्पो, ट्रॅक्टर यांपैकी कशालाही कार म्हणता येत नाही. चिक्कबळ्ळापूरकडे दगडखाणी आहेत, त्यामुळे टिपरांची वाण नाही. एवढ्या एका व्याख्येने प्रवासाचा बराचसा भाग कारविरहित होऊन जातो.

दुसरं पोटकलम थांबलेल्या कारचं. संध्याकाळी के. आर. पुरमच्या हँगिंग ब्रिजच्या तोंडाशी उभी असलेली कार ही स्थावर मिळकत आहे. ती हिशेबात धरू नये.

पायरी २ : उपलब्ध सोयींचा लाभ घ्या

सायकलस्वारांसाठी काहीच केलं जात नाही, ही ओरड खोटी आहे. २०२० साली आउटर रिंग रोडवर के. आर. पुरमच्या लाउरी जंक्शनपासून सिल्क बोर्डपर्यंत सुमारे १७ किलोमीटरची सायकल मार्गिका आखली गेली आणि कार आत शिरू नयेत म्हणून कडेने बोलार्ड लावले गेले. पुढे बोलार्ड मोडत गेले, मेट्रोचं काम वाढत गेलं आणि मार्गिका आठवणीपुरती उरली. हळहळण्याचं कारण नाही. नंदी उत्तरेला आहे, मार्गिका दक्षिणेला जात होती.

घडीची सायकल मेट्रोच्या डब्यात नेता येते. जांभळी मेट्रो के. आर. पुरमहून पुढे व्हाइटफील्डला जाते. तिथे उंच म्हणावं असं सगळं काचेचं आहे.

सर्वांत लोकप्रिय सोय म्हणजे कारच्या मागचा रॅक. सायकल त्यावर बांधावी, देवनहळ्ळीच्या पुढे कार लावावी आणि तिथून कारविरहित भटकंती सुरू करावी. ही कार मोजायची नसते, कारण ती आपली असते.

पायरी ३ : वेळ साधा

कार झोपेत असताना निघावं, असं जाणकार सांगतात. त्यानुसार रविवारी पहाटे चारला बाहेर पडावं. जुन्या मद्रास रोडला लागताच ध्यानात येतं की शहर आधीच जागं झालंय आणि कारमध्ये बसलंय. होसकोटेची दम बिर्याणी पहाटेच मिळते, आणि उजाडल्यावर गेलात तर भांड्याचा तळ बघून परतायची वेळ येते. बिर्याणीवाले पुढे गेले की सूर्योदयवाले येतात. त्यांना नंदीवरचे ढग पायाखाली आलेले बघायचे असतात, फोटोसकट.

बिर्याणी आणि सूर्योदय दोन्ही टाळणारी वेळ म्हणजे मंगळवारी दुपारी दीड. त्या वेळी ऑफिसची मीटिंग असते. कॅमेरा बंद ठेवावा, आणि चढावर असाल तर माइकही.

पायरी ४ : मार्गाला लागा

बट्टरहळ्ळीवरून पुढे बुदिगेरे क्रॉस, तिथे डावीकडे वळून मंडूर, मग बुदिगेरे, देवनहळ्ळी आणि नंदी, असा मुख्य मार्ग. वाटेत अवलहळ्ळीची पाटी लागते. झाडीतल्या सायकलवाटांसाठी प्रसिद्ध असलेली ती अवलहळ्ळी येलहंकाच्या बाजूला. या अवलहळ्ळीत पोलीस ठाणं आहे. रस्ता चुकला असल्यास तेही उपयोगी.

मंडूरला शहराचा कचरा वर्षानुवर्षं येऊन पडत होता. गावकऱ्यांनी २०१४ साली निकराने विरोध केला, तेव्हा कुठे तो थांबला. आता त्या बाजूला घरांच्या जाहिरातींचे फलक आहेत. हवा शुद्ध असल्याचं त्यांवर लिहिलेलं असतं.

बुदिगेरेच्या पुढे मुख्य रस्ता सोडावा आणि गावांमधून, तळ्यांच्या बांधांवरून, द्राक्षमळ्यांच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्याला लागावं. आपण शोधत असलेला रस्ता तो हाच. नेमका फाटा शेवटच्या पायरीत दिला आहे.

तो रस्ता ओळखायची खूण अशी : डिसेंबर-जानेवारीत शेतकरी कुळथाची आणि नाचणीची काडं डांबरावर अंथरतात, जाणाऱ्या चाकांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून. काडं अंथरता येतील इतकी वर्दळ कमी आणि मळणी होईल इतकी पुरेशी, असा हा काटेकोर तोल असतो. कडेला एखादी बाई सूप घेऊन बसलेली असते. गाडी आली की मागे सरते, गेली की खराट्याने काडं पुन्हा मधोमध लोटते. आपण त्या गादीवर सायकल घालतो. दहाव्या पॅडलला कुळथाचा वेल मागच्या गिअरमध्ये गुंडाळला जातो, चेन अडकते, आपण उतरून काळ्या बोटांनी तो ओढत बसतो. बाई आधी काडांकडे बघते, मग सायकलीकडे. एक दाणा सुटलेला नसतो. तिला टेम्पो हवा असतो. कारविरहित रस्त्याची हौस फक्त आपल्याला आहे, हे इथे कळतं. मनात ठेवावं आणि पुढे निघावं.

पायरी ५ : स्थानिकांशी सौजन्याने वागा

नंदी किती लांब, असं कोणालाही विचारलं तरी "इल्ले, मुंदे" एवढंच उत्तर मिळतं. इथेच, पुढे. देवनहळ्ळीतही हेच सांगतात आणि पायथ्याशीही. यावर गणित मांडू नये. उलट प्रश्न बहुधा "कार इल्वा?" असा येतो : कार नाही का तुमच्याकडे? लाखभराची सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाने यावर नम्रपणे मान हलवावी. चहा फुकट मिळण्याची शक्यता असते.

मराठी सायकलस्वारांसाठी विशेष सूचना. १६३८ नंतर शहाजीराजांकडे आलेल्या जहागिरीत बंगळुरू, होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर होतं, हे खरं आहे. या रस्त्यांच्या संपूर्ण कारमुक्तीचा तो खात्रीशीर काळ, हेही खरं. मात्र हा विषय पंक्चर काढून होईपर्यंत काढू नये. त्याऐवजी नंदीजवळच्या मुद्देनहळ्ळीचं नाव घ्यावं. सर विश्वेश्वरय्या त्या गावचे. ते पुण्यात इंजिनिअरिंग शिकले आणि १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी आपोआप सोडणारा माणूस त्यांनी आम्हाला दिला आणि आम्ही त्यांना सॉफ्टवेअरवाले दिले, एवढं कबूल केलं की पंक्चरवाला हवाही भरून देतो.

पायरी ६ : घाट चढा

नंदी गावात भोगनंदीश्वराचं सुमारे नवव्या शतकातलं देऊळ आहे. तिथल्या दगडी गारव्यात बसून वर न जाण्याची कारणं शोधता येतात. ती न सापडल्यास सात-आठ किलोमीटरचा वळणावळणाचा घाट चढावा.

सुट्टीच्या दिवशी या घाटात कारची रांग लागते. वळणावर क्लच जळल्याचा वास येतो, मागच्या सीटवरचं पोर खिडकीतून डोकं काढून आपल्याकडे बघतं, आणि आपण धापा टाकत त्याच्या पुढे निघून जातो. घाबरू नये. रांग थांबलेली आहे. पायरी १ नुसार हा घाट पूर्णपणे कारविरहित आहे.

पायरी ७ : गुप्तता पाळा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. रस्ता कारविरहित असतो तो कोणाच्या कृपेने नव्हे. कारला तिथे जायचं काही कारण अजून पडलेलं नसतं, एवढंच. ते कारण पुरवायचं काम आपण करतो. २००८ साली देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाल्यापासून त्या भागात जमिनीला डोळे फुटले आहेत. अशात आपण मार्गाचा नकाशा अ‍ॅपवर चढवतो, खाली लिहितो : निवांत रस्ता, द्राक्षमळे, समोर डोंगर, शहरापासून फक्त तासाभरावर. मग शेतात चुना लावलेले दगड उभे राहतात, त्यानंतर कमान, कमानीवर काहीतरी 'मेडोज'. कमानीखालच्या फलकावर मजकूर असतो : निवांत रस्ता, द्राक्षमळे, समोर डोंगर, शहरापासून फक्त तासाभरावर. डांबर त्यानंतर येतं, आणि डांबरावरून कोण येतं हे सांगायला नको.

सबब, सापडलेला रस्ता सख्ख्या भावालाही सांगू नये. कोणी खोदून विचारलंच तर "फार खड्डे आहेत, कुत्रीही आहेत" असं सांगावं. खड्डे खरोखर असतील तर त्यांची तक्रार चुकूनही करू नये. रस्त्याचे राखणदार तेच. आणि याच नियमाला धरून, बुदिगेरेच्या पुढचा तो फाटा नेमका कुठला, हे या मार्गदर्शिकेत छापलेलं नाही.