उभयपदवी-व्रताचा विधी

अमेरिकेत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी घेता घेताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाची, म्हणजे ‘प्री-मेड’ची, तयारी करणे हे तेथील अनेक मराठी घरांतील एक कडक व्रत असून, वडिलांना हवा असलेला इंजिनिअर आणि आईला हवा असलेला डॉक्टर एकाच अपत्यात बसविण्याची सोय हे त्याचे मुख्य फल होय. ‘प्री-मेड’ ही पदवी नसून नुसती तयारी आहे, हे मंडळाच्या गणेशोत्सवात कोणा काकांना समजावण्याच्या फंदात व्रतस्थाने पडू नये.

नियम पहिला, वेळेविषयी. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र हे विषय बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये प्रयोगशाळेसह वर्षवर्षभर मागतात. त्यांतील भौतिकशास्त्र इंजिनिअरिंगमध्ये आपसूक पदरात पडते, परंतु ऑर्गॅनिकचे दुसरे सत्र आणि जीवरसायन यांना लागणारी जागा उन्हाळी सुटीतून, आणि ती न पुरल्यास झोपेतून, काढावी लागते.

नियम दुसरा, गुणांविषयी. जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी, ही एकच नसते. एएमकॅस ही सामाईक अर्जसेवा जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांची वेगळी सरासरी काढते आणि इंजिनिअरिंगचे विषय सहसा तीत धरत नाही. परिणामी, हृदयाच्या आलेखाची वारंवारतांमध्ये फोड करण्याचे जे गणित व्रतस्थाने रात्री जागून आत्मसात केले, ते ‘सिग्नल्स’ या इंजिनिअरिंगच्या विषयात शिकविले गेल्यामुळे इतिहास आणि चित्रकलेच्या पंगतीत जाऊन बसते. तेथे ते एकूण सरासरी खाली ओढू शकते, विज्ञानाची मात्र तसूभरही वर नेत नाही. हा कोणता न्याय, असे विचारण्याची सोय अर्जात नाही.

नियम तिसरा. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा चार विभागांची, 472 ते 528 गुणांची आणि मधल्या सुट्या धरून सुमारे साडेसात तासांची असते. तिच्या एका विभागात केवळ उतारे वाचून विचार करायचा असतो, आणि त्याला सूत्र नसल्याने इंजिनिअर तेथेच अडखळतो.

नियम चौथा, सर्वांत अवघड: चुकू नये. विल्सन ग्रेटबॅच या इंजिनिअरने हृदयाचे ध्वनी नोंदविणारे यंत्र जुळविताना चुकीच्या मूल्याचा रोधक, म्हणजे विद्युत्प्रवाह अडविणारा भाग, जोडला, तेव्हा ते सर्किट ठोके देऊ लागले आणि त्यातूनच 1960 मध्ये रुग्णांच्या शरीरात बसविला गेलेला पेसमेकर निघाला. जी विद्या चुका करून पाहायला शिकवते, तिच्या विद्यार्थ्याने एकाही ‘बी’ श्रेणीविना चार वर्षे काढावीत, ही अपेक्षा खरे तर खुळचट आहे. तरीही ही मुले प्रयोगशाळेत मोडके सर्किट हातात धरून हसतात, हे नोंदविलेच पाहिजे.

व्रत मुलांचे असले, तरी उद्यापन आईवडिलांच्या हाती असते. कारण प्रवेश मिळाला तरी पुढे वैद्यकाची चार आणि निवासी प्रशिक्षणाची किमान तीन वर्षे उरतातच. म्हणून रविवारच्या फोनवर त्यांनी एमकॅटच्या आधी जेवणाची चौकशी करावी.