सोमवारचा घरमालक

हुबळी-धारवाडात अडव्हान्स (म्हणजे घराची अनामत) परत न करणारा घरमालक आडदांड आणि शिवराळ असतो, अशी बाहेरगावच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो अतिशय गोड बोलतो. सप्तापूर, मालमड्डी, विद्यानगर, नवनगर या भागांत तो हमखास भेटतो, कारण विद्यापीठात शिकायला, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला किंवा बँकेच्या बदलीवर आलेली मंडळी तिथेच घर शोधतात आणि दोन-तीन वर्षांत गाव सोडतात. गाव सोडणारा भाडेकरू त्याला फार प्रिय. बेळगाव-कोल्हापूरकडचे कुटुंब दिसले की तो ‘या, बसा’ असे मराठीतून स्वागत करतो; वकील दिसला की घर नेमके कालच गेलेले असते. राज्याचे विधी विद्यापीठ नवनगरातच असल्याने ही दक्षता त्याला जरा जास्तच घ्यावी लागते.

करार अकरा महिन्यांचा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, आणि नोंदणी त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. अडव्हान्स शक्यतो रोख. पावती मागितली तर ‘घरच्या माणसांत पावती कसली?’ म्हणून तो दुखावतो.

त्याचे खरे कसब घर सोडण्याच्या दिवशी दिसते. किल्ली खिशात टाकून तो चष्मा पुसतो, बॅटरी पेटवतो आणि भिंतीवरून बोट फिरवत खिळ्यांची भोके मोजतो. कालनिर्णयचे एक, देव्हाऱ्याच्या फळीची दोन, घड्याळाचे एक. घड्याळाचा खिळा आधीच्या भाडेकरूचा होता, हे सांगून काही फायदा नसतो. आधीच्याकडूनही त्याचे पैसे घेऊन झालेले असतात. रंगकामापोटी महिन्याचे भाडे कापण्याची रीत कर्नाटकात मुरलेलीच आहे. नेहमीच्या वापराने झालेली झीज 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेकरूच्या माथी मारत नाही, पण करारात रंगाचे कलम घालायला मालक विसरलेला नसतो.

उरलेल्या रकमेला तो ‘नाही’ कधीच म्हणत नाही. ‘सोमवारी नोडोण्री’, म्हणजे सोमवारी बघू या, एवढेच. सोमवारी गेल्यावर चहा मिळतो, क्वचित पेढाही, आणि पुढचा सोमवार. या गोडव्यामागे पक्का हिशेब आहे. पैसे वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे 3 वर्षांची मुदत असते. तेवढ्या काळात त्याने देणे सहीनिशी कबूल केले तर मुदत नव्याने सुरू होते. तोंडी सोमवार कितीही दिले तरी होत नाही. म्हणून हा दिलदार गृहस्थ दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही.

चिडलेल्या भाडेकरूला तोच सुचवतो, ‘करा की केस, हायकोर्ट गावातच आहे!’ उच्च न्यायालयाचे पीठ धारवाडात 2008पासून आहे खरे, पण अडव्हान्सचा दावा तिथे नव्हे, खालच्या दिवाणी न्यायालयात लावायचा असतो. घर आणि मालक दोन्ही इथले, तेव्हा पुण्याला बदली झालेल्यानेही दावा इथेच लावायचा. वकिलाची फी, रजा आणि बसभाडे यांची बेरीज अडव्हान्सच्या जवळ जाते, हे त्याने कधीच ताडलेले असते.

तरी वकिलाची नोटीस आली की तो थोडा मऊ होतो, कारण टपालवाला फाटकाशी उभा राहून सही घेतो आणि शेजारी बघतात. नोटिशीच्या उत्तरात भोकांची संख्या वाढलेली असते. अशी बरीच प्रकरणे लोकअदालतीत मिटण्याजोगी असतात: रंगाचा महिना सोडायचा, बाकीचे घ्यायचे. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

अडव्हान्स बँकेतूनच द्यावा, रिकाम्या भिंतींचे फोटो काढावेत, आणि येणे किती ते मालकाच्या सहीनिशी लिहून घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नये.