शाखा : अजून ठरलं नाही

आमच्या डोंबिवलीच्या भाच्याला दहावीला 82.40 टक्के पडले. 2025 साली राज्यात 211 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. तेव्हापासून ब्याऐंशी हा आकडा लोक आवाज खाली आणून सांगतात. तरी बहिणीने पेढे वाटले. पहिला पेढा तोंडात टाकून शेजारचे काका रिवाजाप्रमाणे म्हणाले, "मग, पुढे काय?"

"अजून ठरलं नाही," भाचा म्हणाला.

काकांनी उरलेला अर्धा पेढा बशीत परत ठेवला.

पोरगा सिगारेट ओढतो असं कळलं असतं तर बहीण रडली असती, पण पुढे काय करायचं ते तिला माहीत होतं. 'ठरलं नाही' यावर घरात औषध नव्हतं. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. भावोजींनी "तुझ्या वयात आम्हाला सगळं स्पष्ट होतं" हे भाषण दिलं. आता भावोजी कॉमर्सला गेले ते कॉलेज पूर्वेला होतं आणि पूल ओलांडावा लागत नव्हता म्हणून. भाषणात हा भाग येत नाही.

रविवारी बहिणीच्या थोरल्या दिरांनी तोडगा काढला. "ठरलं नाही ना? मग सायन्स घे! सायन्सवरून कुठेही जाता येतं." हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या घरांत इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की ते बोर्डाच्या प्रमाणपत्रावर मागच्या बाजूला छापायला हरकत नाही. कसाऱ्याला उतरायचं असलं तरी तिकीट दिल्लीचं काढून ठेवावं, असा त्याचा अर्थ. दिल्लीचं भाडं कोण भरतं आणि मधली दोन वर्षं उभ्याने कोण प्रवास करतं, हे विचारायचं नसतं. ज्यांचं ठरलेलं असतं ती मुलं आर्ट्सला जातात, आयटीआयला जातात, कधी काकांच्या दुकानात बसतात. ज्यांचं काहीच ठरलेलं नसतं त्यांच्यासाठी आपल्याकडे अधिकृत शाखा आहे, फक्त तिला विज्ञान म्हणतात.

दिरांचा स्वतःचा मुलगा याचा दाखला. 2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, त्या पहिल्याच वर्षातला तो. शेती, वाणिज्य, ललित कला वगैरे सात क्षेत्रं होती. त्याचा कल आला 'गणवेशधारी सेवा'. घर आठ दिवस हसत होतं. बँडवाल्याचाही गणवेशच असतो, हा विनोद तर खुद्द मीच केला होता. मग पोराला मेकॅनिकलला घातलं. चार वर्षांचं इंजिनिअरिंग त्याने साडेपाच वर्षांत केलं, वर्षभर कुठेसा सॉफ्टवेअरमध्ये बसला, आणि सध्या पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करतो. चाचणी बरोबर होती, आम्हीच दहा वर्षं उशिरा पोचलो. गंमत म्हणजे त्याला कुणी 'ठरलं नाही' म्हणत नाही. तो 'तयारी करतोय'.

पुढचा मुक्काम समुपदेशक. हे गृहस्थ भाच्याच्या दहाही बोटांचे ठसे घेणार होते. ठशांच्या वळणांवरून मूल चार्टर्ड अकाउंटंट होणार की दंतवैद्य, ते यंत्र सांगतं म्हणे. आमच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर एक अंगठा उठवला तर जमीन गेली. इथे दहा बोटं उठवून फक्त सहा हजार गेले, म्हणजे प्रगतीच म्हणायची. छापील चाळीस पानांच्या अहवालात निघालं की मुलात नेतृत्वगुण आहेत, संगीताची समज आहे, तो विश्लेषकही होऊ शकतो आणि निसर्गप्रेमीही. भाच्याने नम्रपणे विचारलं, "सर, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?" सर जरा थांबले. "मी मूळचा सिव्हिलचा," म्हणाले.

क्लासच्या डेमो लेक्चरवरून तर भाचा खुशीत परतला. 'इंटिग्रेटेड' म्हणजे नाव एका कॉलेजात आणि मूल दुसऱ्याच इमारतीत, हे त्याला तिथे कळलं. पण खूश तो वेगळ्याच गोष्टीने झाला होता. नीटला 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक कापतात. आणि प्रश्न सोडून दिला तर? शून्य. कापत काहीच नाहीत.

"म्हणजे बाबा, येत नसेल तर गप्प बसलं तरी चालतं?"

"ते तिथे चालतं," भावोजी म्हणाले. "घरात नाही."

मग अकरावीचा ऑनलाइन फॉर्म. त्यात कमाल दहा पसंतीक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून गच्छंती. आवडीची गोष्ट मिळाल्यावर माणूस पळून जाईल ही धास्ती सरकारला का वाटली असावी, याचा उलगडा मला आमच्या घराकडे बघून झाला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात पक्क्या भिंती नकोत असं लिहिलंय, ते भाच्याने मोठ्याने वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "धोरण राहू दे, मुदत बघ." मुदतीच्या आदल्या रात्री पावणेबाराला दहाच्या दहा पसंती भरल्या गेल्या. कॉलेजं बहिणीने निवडली, क्रम दिरांनी लावला, ओटीपी भावोजींच्या मोबाइलवर आला. भाच्याने वायफाय चालू आहे ना एवढं पाहिलं.

पहिल्याच फेरीत पहिली पसंती लागली. सायन्स! पुन्हा पेढे आले, पुन्हा शेजारचे काका आले.

"वा! मग, सायन्स घेऊन पुढे काय?"

भाचा तोंड उघडणार तोच बहीण हसून म्हणाली, "अहो, ते अजून ठरलं नाही. दोन वर्षं आहेत की!"

"बरोबर आहे, घाई कशाला," म्हणत काकांनी तो पेढा संपवला आणि दुसऱ्याला हात घातला.