ऐकून संपवलं!

आमच्या सोसायटीत हल्ली कोणी काही ऐकत नाही, ऐकून संपवतात. "तो एपिसोड संपला का तुमचा?" अशी चौकशी एक काका दुसऱ्या काकांकडे करतात तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा कोर्स चालू आहे, असंच वाटावं.

तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर या कामात सर्वांत पुढे. सकाळी कानांत दोन पांढरी बोंडं खुपसून ते चालायला निघतात. सव्वा तासाची मुलाखत दीडपट वेगानं लावली की पन्नास मिनिटांत हातावेगळी होते. वाचलेल्या पंचवीस मिनिटांचं काय करता, असं विचारलं तर म्हणाले, "दुसरी लावतो." परवा चेहरा जरा त्रासलेला दिसला म्हणून मुलाखतीचा विषय विचारला. कोणी तज्ज्ञ म्हणे सावकाश जगण्याचं महत्त्व सांगत होते. फार भरभर सांगत होते.

वेग वाढवायची ही सोय आता सगळीकडे झाली आहे. यूट्यूबवर आहे, पॉडकास्टच्या ॲपांवर आहे, २०२० मध्ये नेटफ्लिक्सनं मोबाइलवर दिली, २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं व्हॉइस नोटला दिली. त्यामुळे गावाकडच्या आत्याचा सात मिनिटांचा निरोप साडेतीन मिनिटांत उरकता येतो. आत्या प्रत्यक्ष आली की मात्र ते बटण कुठे सापडत नाही.

माझ्या भाच्यानं ही सोय शास्त्रीय संगीताला लावून पाहिली. विलंबित ख्याल दुप्पट वेगानं लावला की तो आपोआप मध्यलयीत येतो, हा त्याचा शोध. "मामा, तबलजी एका मात्रेवरून दुसरीवर जायला किती वेळ लावतो!" बडा ख्याल गवयानं गायचा आणि आपण उरकायचा, अशी त्यानं कामाची वाटणी केली आहे. त्याला डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला न्यावं असं माझ्या मनात होतं. पण १९५३ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवात गायकाला पुढे ढकलायचं बटण अजून कोणी बसवलेलं नाही, हे कळल्यावर त्यानं विचार करून सांगतो म्हटलं. म्हणजे नाही.

या पिढीपुढे 'गीतरामायणा'ची गोष्ट सांगायची म्हणजे धाडसच. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि मग आठवड्याला एक. त्या वर्षात अधिक महिना आला, म्हणून गीतं ५२ वर न थांबता ५६ झाली. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाली बांधत होते आणि महाराष्ट्र पुढच्या आठवड्याची वाट बघत होता. गोष्ट सगळ्यांना माहीत होती, शेवट तर पाठच होता, तरी बघत होता. स्पॉयलर म्हणजे काय हेसुद्धा न कळण्याइतका तो समाज मागासलेला होता. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, असं घरोघरची जुनी माणसं सांगतात. आज तीच ५६ गीतं एका यादीत ओळीनं लावून मिळतात. रविवारी पहाटे दीडपटीवर सुरू केली तर वनवास, सीताहरण आणि लंका सगळं सकाळीच आटोपतं आणि पानं वाढेपर्यंत राम अयोध्येत परत.

गाण्याला कात्री लावायची सुरुवात आपण केलेली नाही, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे. ग्रामोफोनची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांतच संपायची, त्यामुळे तासभर राग मांडणाऱ्यांना तेवढ्यात सगळं सांगावं लागे. गोहरजान तर गाणं संपवता संपवता स्वतःचं नावही इंग्रजीत सांगून मोकळ्या होत. पण तेव्हा दम तबकडीला नव्हता, ऐकणाऱ्याला होता. तो उठायचा, तबकडी पालटायचा, सुई बदलायचा, चावी द्यायचा आणि पुन्हा मांडी घालून बसायचा. आजची तबकडी संपतच नाही. ऐकणाराच तिसाव्या सेकंदाला उठतो.

तिसावं सेकंद मी उगाच म्हटलेलं नाही. स्पॉटिफायच्या हिशेबात गाणं ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं. जुन्या भावगीतांत तेवढ्या वेळात सतार आणि बासरी यांचं एकमेकांशी नीट बोलणंही झालेलं नसे. नेटफ्लिक्सचं मन त्याहून मोठं. पूर्वी त्यांच्याकडे एखाद्या भागाचा किंवा सिनेमाचा ७० टक्के वाटा बघितला तर प्रेक्षक म्हणून नाव लागे. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी ही अट दोन मिनिटांवर आणली. दोन मिनिटांत आमच्याकडे चष्मा सापडत नाही. पण तेवढ्यात माणसानं निवड जाणूनबुजून केली हे सिद्ध होतं, असं कंपनीचं म्हणणं. शाळेत आम्ही हजेरी देऊन मागच्या दारानं निघून जायचो, तेव्हा हा नियम कोणी लावला असता तर आम्ही सगळे पदवीधर होतो.

पुढे हाही हिशेब बदलला. २०२३ पासून ते असं करतात: जगभरात एखादा सिनेमा एकूण जितके तास बघितला गेला, त्याला सिनेमाच्या लांबीनं भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे 'व्ह्यूज'. याचा साधा अर्थ असा की अर्धा-अर्धा सिनेमा बघून झोपी गेलेली दोन माणसं मिळून एक प्रेक्षक होतो. लग्नात भटजींनी आम्हाला हेच सांगितलं होतं, तेव्हा त्याचा इतका सरळ अर्थ असेल असं वाटलं नव्हतं. आमची झोप म्हणजे नेटफ्लिक्सची प्रतिस्पर्धीच. तसं त्यांचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणालेच होते. आमच्या घरी या स्पर्धेचा निकाल रोज रात्री साडेदहाच्या सुमारास लागतो. नंतर कधीतरी पडदाच विचारतो, अजून बघताय का? घरात इतक्या आपुलकीनं चौकशी करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

पॉडकास्टशी माझं भांडण नाही. बोलण्याचं आणि बोलणं ऐकण्याचं मराठी माणसाला वावडं कधीच नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती तीन-तीन तासांच्या मुलाखतींना आजोबा शोभेल. मात्र व्याख्यानाला एक अध्यक्ष असे. वक्ता लांबला की अध्यक्ष चिठ्ठी सरकवत, त्यानं भागलं नाही तर घंटी वाजवत. पॉडकास्टमध्येही घंटी आहे, पण ती श्रोत्यानं दाबायची. आणि दाबली की वक्ता थांबत नाही, दर आठवड्याला येतो. चिठ्ठी सरकवणारं कोणी नसल्यामुळे दोन खुर्च्या, दोन माईक, एक कुंडी आणि भिंतीवर चमकणारी पाटी एवढ्या भांडवलावर माणसं कितीही वेळ बोलू शकतात. "तुमच्या प्रवासाविषयी सांगा" असं विचारतात. पाहुणा कोथरूडहून रिक्षानं आलेला असतो, पण सांगायला लागतो बालपणापासून.

व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून घोरणारे गृहस्थ मला आठवतात. पण ते निदान सायकल मारत आलेले असत, आणि झोपले तरी फक्त झोपत. आजचा श्रोता ऐकताना आणखी काहीतरी करतोच. भांडी घासतो, ट्रेडमिलवर धावतो, गाडी चालवतो, ऑफिसचं मेल लिहितो. मोकळा कान म्हणून काही राहिलेलं नाही. आमच्या सौ. पोळ्या लाटताना मुघलांचा इतिहास ऐकतात. औरंगजेब दख्खनेत आला तेव्हा नेमका कुकर झाला, त्यामुळे मधली बरीच वर्षं शिट्टीत गेली. उलट लोकलच्या डब्यात हेडफोन न लावणाऱ्यांनी वेगळाच समाजवाद आणला आहे. एक गुन्हेगारी मालिका, एक काकड आरती आणि शेअर बाजाराच्या दोन टिपा, सगळ्या डब्याला सारख्या वाटल्या जातात. तिकीट तेवढंच.

पासवर्डाच्या काळात तरी थोडी ओढ होती. आतेभावाचा पासवर्ड, त्याच्या मेहुण्याचं खातं, मेहुण्याच्या बायकोची 'पुढे बघा' यादी. त्या यादीवरून तिच्या मनात काय चाललंय हे सगळ्या भावकीला कळायचं. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं घराबाहेरच्यांना पासवर्ड देणं भारतात बंद केलं आणि निम्मी नाती गणपतीपुरती उरली.

तर माझी शासनाला एक सूचना आहे. आपल्या देशात रेडिओला लायसन लागत असे. पोस्टात जायचं, वर्षाला १५ रुपये भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. टीव्हीचे ५० रुपये. तपासनीस यायचा आणि पुस्तिका नसेल तर दंड व्हायचा, यंत्रही उचलून नेता यायचं. त्यामुळे तो गल्लीत दिसला की कित्येक घरांतले रेडिओ गोधडीखाली जात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. ती परत आणावी. फक्त लायसन यंत्राला न देता कानाला द्यावं.

आधी शिकाऊ लायसन. आकाशवाणीचं सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र मोबाइल पालथा ठेवून शेवटपर्यंत ऐकायचं आणि त्यातल्या कोणत्याही दोन बातम्या सांगायच्या. पक्क्या लायसनला एक विलंबित ख्याल, पहिल्या आलापापासून, मूळ वेगानं. समेवर मान हलली नाही तरी चालेल. हात खिशाकडे गेला की नापास. तीन तासांच्या मुलाखतींना अवजड वाहनाचं वेगळं लायसन, आणि ते मुलाखत देणाऱ्यालाही सक्तीचं. सव्वापटीच्या वर वेग नेणाऱ्याला जागेवर दंड. डब्यात मोठ्यानं लावणाऱ्याला दंड नको, त्याच्या कानात आमच्या आत्याचा सात मिनिटांचा निरोप मूळ वेगानं सोडावा.

परीक्षा आली की एजंट येणार, ही भीती मला होती. पण एजंट आधीच हजर आहेत. कोणतीही मुलाखत कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे टाकली की ती आपल्या वतीनं 'ऐकून' पाच ओळी हातावर ठेवते. दुसरीकडे गूगलच्या नोटबुक-एलएमनं २०२४ मध्ये उलटी सोय केली: एखादा कागद द्या, दोन यांत्रिक आवाज त्यावर हसतखेळत गप्पा मारतात. आमच्या बँक मॅनेजरांनी या दोन्ही सोयी एकमेकींना जोडल्या. एका यंत्राला अहवाल दिला, त्याच्या गप्पा दुसऱ्या यंत्राला ऐकवल्या आणि पाच ओळी घेतल्या. त्या पाच ओळी वाचायच्या राहून गेल्या आहेत, पण तो एपिसोड त्यांनी संपवला.

या सूचनेवर कोणाच्या काही हरकती असल्या तर त्या पोस्टकार्डावर लिहून पाठवाव्यात. व्हॉइस नोट पाठवू नये.