मुहूर्त ४.७३ सेकंदांचा

छोट्या मॉडेल रॉकेटचं उडणं सोपं असतं. बटण दाबलं की ते जातं. खरी मारामारी छत्री कधी उघडायची यावरून.

मोटरवर 'सी६-५' असं छापलेलं असतं. सी म्हणजे एकूण जोर, फार तर १० न्यूटन-सेकंद. ६ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ मात्र आमच्या घरात भांडणं लावतो. बोटाएवढ्या कागदी नळीतली दारू जेमतेम दोन सेकंदांत संपते. पुढे रॉकेट नुसत्या वेगावर चढत राहतं आणि आत धुराचा मसाला सावकाश, पाच सेकंद जळतो. तो संपला की छोटा बार उडून नाक आणि छत्री बाहेर फेकली जाते. बार लवकर उडाला तर रॉकेट अजून सुसाट असतं आणि छत्रीची दोरी नळीला उभी चिरत जाते. उशीर झाला तर ते नाक खाली करून कोलोरॅडोच्या मातीकडे निघालेलं असतं.

म्हणून लेकीनं 'ओपनरॉकेट' उघडलं. साम्पो निस्कानेन या फिनिश विद्यार्थ्यानं २००९ साली प्रबंधासाठी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बहुधा म्हणूनच त्याच्या चौकशा संपत नाहीत. बायकोचा केकचा वजनकाटा जप्त झाला. नळी, पंख, डिंक, सगळ्याचं वजन ग्रॅममध्ये.

"रंगाचंसुद्धा?" मी विचारलं.

"बाबा, रंग काय हवेचा असतो?"

मग मैदानाची उंची. डेन्व्हरजवळ आपण समुद्रसपाटीपासून १६०० मीटर वर. हवा विरळ, विरोध कमी, म्हणजे रॉकेट जास्त वेळ चढणार. पुढचा प्रश्न, पृष्ठभाग कसा? पॉलिश, गुळगुळीत, साधा रंग की खडबडीत? पंख मी रंगवले होते. मी 'गुळगुळीत' म्हणालो. तिनं पंखावरून बोट फिरवलं, माझ्याकडे न बघता 'खडबडीत' निवडलं.

उत्तर आलं, दारू संपल्यावर ४.७३ सेकंदांनी बार उडायला हवा. आणि दुकानात मोटरी कसल्या? ३, ५ आणि ७ च्या! त्यातही ५ वाली बरोब्बर पाचच सेकंद घेईल याची हमी नाही, थोडं मागेपुढे चालतं. पंचांगातून १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त काढावा आणि ऐनवेळी मामींना आणखी एक मंगलाष्टक आठवावं, तसलाच प्रकार.

रविवारी माळावर सगळे हजर. सांगलीहून आलेली आई घडीच्या खुर्चीत, शाल लपेटून. लेकीच्या हातात स्टॉपवॉच. सुर्रकन रॉकेट गेलं, जाळ विझला, पांढरा धूर रेघ ओढत राहिला, अगदी टोकाला 'फट्' झालं आणि केशरी छत्री उघडली.

"पाच पॉइंट चार!" लेक ओरडली.

"तू बटण उशिरा दाबलंस."

"अजिबात नाही. मोटरच सावकाश जळली."

"मग सॉफ्टवेअर..."

"सॉफ्टवेअरला काही बोलू नकोस!"

आम्ही दोघं घड्याळावर वाकलेलो असताना आईनं काठी वर केली. "अरे, ते तिकडं रस्त्यापलीकडं चाललं की रे!"