दहा मण्यांचा रवा

“मावशी, रवा किती वेळ भाजायचा?”

“दहा मणी.”

“म्हणजे किती मिनिटं?”

“मिनिटं कशाला? रोझरीचे दहा मणी म्हणायचे. दहा झाले की कढई उतरवायची.”

“आणि आच मंद असेल तर?”

“मग सावकाश म्हण.”

माझं माहेर रेवदंड्याचं. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात कोर्लई. समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च. आमची ही मावशी तिथली. रक्ताची नाही, ताटाची. दिवाळीत आमच्या करंज्यांचं ताट तिच्याकडे जायचं आणि नाताळात तिच्या नेवऱ्यांचं आमच्याकडे यायचं. करंजी आणि नेवरी यांत फरक काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. “तुमची दोन महिने आधी होते, एवढाच,” ती म्हणाली होती.

पोर्तुगीजांनी १७४० मध्ये कोर्लईसकट चौल मराठ्यांना दिलं आणि ते निघून गेले. जाताना भाषा न्यायची मात्र राहून गेली. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत ती अजून बोलली जाते. तिला म्हणतात नोलिंग, म्हणजे ‘आमची भाषा’. मावशी चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करते, बाजारात मराठीत घासाघीस करते. काकांना झाडायचं असलं की मात्र नोलिंग काढते.

“देवाला कळू नये म्हणून का?” मी एकदा विचारलं.

“देवाला सगळं कळतं गो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.”

या भाषेच्या जोरावर तिने आमच्या अख्ख्या स्वयंपाकघरावर हक्क सांगितला आहे. माझ्या आईच्या ओट्याशी उभी राहून ती बोट दाखवत जाते. बटाटा आमचा. पाव आमचा. काजू आमचा. ती परात आमची. बादली आमची, कपाटाची चावी आमची. “आणि हापूस?” आई चिडून विचारते. “तो तर नावासकट आमचा, आफोन्सो.” “मग मीठ तरी आमचं का?” मावशी क्षणभर थांबते. “मीठ देवाचं,” म्हणते आणि चिमूटभर तोंडात टाकते.

तिच्या घरात उघडं असं काही नाही. क्रोशाची सुई सतत चालू. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपी, फ्रिजच्या मुठीला मोजा. गॅसच्या सिलिंडरला गुलाबी फ्रॉक आहे आणि सिलिंडर बदलायला येणारा पोरगा तो फ्रॉक लाजत लाजत उतरवतो. वेदीवरच्या कापडाला वर्षभर पुरून उरलेला दोरा असा सत्कारणी लागतो. “देवाच्या कामातला उरलेला आहे, फेकायचा कसा?”

देवाशी तिचा व्यवहार घरच्यासारखा आहे. हरवलेल्या वस्तूंचं खातं संत अंतोनीकडे. चष्मा सापडेना की आधी मेणबत्तीचं आमिष दाखवायचं. अर्ध्या तासात निकाल नाही लागला, तर अंतोनीबाबाचं तोंड भिंतीकडे. एकदा चष्मा तिच्याच कपाळावर निघाला. मी हसले. तिने गंभीरपणे मूर्ती सरळ केली, मेणबत्ती लावली आणि म्हणाली, “कपाळावर ठेवला कुणी, ते बघ ना!”

उपवासकाळाचे चाळीस दिवस घरच्यांना फार जड जातात. एका वर्षी तिने साखर सोडायचा नेम केला आणि घरात साखर आणणंच बंद झालं. काका बिनसाखरेचा चहा पीत म्हणाले, “नेम हिचा, पुण्य हिचं, आणि तोंड वाकडं माझं.” शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, पण मासे चालतात. त्या दिवशी तिच्या कढईत सुरमईची तुकडी चुरचुरत असते. याला त्याग म्हणायचं का, असं मी विचारलं. “कोंबडी सोडली ना?” ती म्हणाली. “रोमला आमची सुरमई माहीत नाही, त्याला मी काय करू?”

देव तो हिशेब चुकता करतो जुलैमध्ये. कार्मेल मातेचा सण १६ जुलैचा आणि यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी. बाहेर पाऊस कोसळत असतो, बाजारात ताजी मासळी दिसत नाही. मग माळ्यावरचे डबे उतरतात. सोडे, सुके बोंबील, जवळा. मे महिन्यातच तिने ते उन्हात कडकडीत वाळवून ठेवलेले असतात. “सण पावसात येतो हे आईला माहीत आहे, मला माहीत आहे. राहिलात तुम्ही, ऐनवेळी पापलेट शोधणारे.”

नाताळचा गोठा हे तिचं वर्षाचं मोठं काम. पंधरा दिवस आधी परातीत नाचणी पेरायची, म्हणजे सणाला हिरवंगार गवत तयार. मागे कागदाचा डोंगर, त्यावर कोर्लईचा किल्ला. बेथलेहेमला समुद्र नसला तरी हिच्या गोठ्यात एक होडी असतेच. तीन राजांपैकी एक काही वर्षांपूर्वी फुटला. त्याच्या जागी नातवाच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा उभा राहिला. ज्यांनी चौल घेतलं त्यांचाच माणूस आता चौलकरांच्या बाळाला मुजरा करायला येतो. त्याच्या हातातली तलवार ती कापसाने झाकते. “बाळाच्या घरात शस्त्र नको. पागोटं राहू दे, छान दिसतं.”

तर तो रवा. गेल्या डिसेंबरात पुण्यात मी नेवऱ्यांचा घाट घातला. मोबाइलवर मिनिटं लावली, घंटी वाजली आणि पाहिलं तर रवा करपलेला. मी कोर्लईला फोन केला.

“मणी म्हणाली होतीस?”

“नाही, टायमर लावला होता.”

“तरीच. त्या टायमरला कुणाची काळजी आहे?”

मग तिने मला समजावून सांगितलं. मणी नुसता ओढायचा नाही, प्रत्येक मण्याला एक माणूस द्यायचा. पहिला मणी बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाचा, तो लांब चालतो. दुसरा सुनेचा, तो थोडक्यात आटपतो. मग काका, त्यांचा गुडघा. मग नातू, त्याचं गणित. मग गेलेली माणसं, सगळी एका मण्यात, कारण आता त्यांना घाई नाही.

“मण्याचं चुकत नाही कधी,” ती म्हणाली. “फक्त पाचव्यानंतर हात थांबवू नको, तळाला लागतो. आणि आठव्यावर वास सुटतो.”

“आठवा कुणाचा?”

पलीकडे कढईत कालथा फिरल्याचा आवाज आला.

“तुझा गो. फोन ठेव आता, सातव्यावर आहे मी.”