लुना आणि कारखान्याची लाईन

“काय ओ अक्का, सकाळी सकाळी एवढा आवाज?”

“नातू गं. सोळा पूर्ण झालं म्हणून बुलेट पायजे म्हणं. पोलिसानं धरलं तर बापाला पंचवीस हजार दंड, वर जेल, म्हणून सांगितले. तर मलाच म्हणतोय, तू बिड्या वळ.”

“अय्यो!”

“हस तू. तुला सोळालाच लुना मिळालती.”

“लुना आणि बुलेट एक का ओ? पन्नास सीसी, गिअर नाही, सोळाला लायसन मिळायचं तिचं. आणि मला फिरायला घेतलते का? 2006 ला इथं गोदूताई घरकुलात आलो. आमच्या युनियनचे आडम मास्तर दहा हजार घरं उभी केले, चाव्या द्यायला मनमोहन सिंग आलते, सगळं खरं. पण घर कुंभारीत आणि अम्माचा बिडी कारखाना सोलापुरात! माल द्यायला शेअर रिक्षानं जायचं, नापास बिड्यांची छाट निघाली की बोलणी खायची, घरी येस्तोवर दुपार. म्हणून ती जुनी लुना.”

“पुढं बिड्यांची टोपली, आणि तू अक्कलकोट रोडनं सुसाट!”

“कुठलं सुसाट? चढाला पायडल मारून मांड्या भरून यायच्या. पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला विसरलं की संपलंच. पण माल देऊन टोपली रिकामी झाली की नाही अक्का, तो तासभर माझा. रिक्षात घरकुलातलं कोण ना कोण असायचंच, माझ्या आधी माझी बातमी घरी. लुनेवर कोण बघणार? पार्क चौकातनं उगाच एक फेरी, कधी कंबर तलाव. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा. अम्मा विचारली की सांगायचं, आज कारखान्यात लाईन होती.”

“लाईन! होम मैदानावर पाळण्यात बसून किंचाळत होतीस, मी बघितलते.”

“काय सांगता! मग अम्माला बोलला नाही?”

“कशाला बोलू? तुझ्या लुनेवर माझा पण माल जायचा की फुकट.”

“बघा! आणि मी समजत होते, अक्का किती मायाळू.”

“माया होतीच की. पण तेव्हा रोड मोकळा होता. आता पलीकडं रे नगर झालंय. 2024 ला मोदी येऊन पंधरा हजार घरं दिले, त्या गर्दीत ह्याची बुलेट कुठं घालू?”

“त्याच वर्षी बॅटरीवरची लुना पण निघाली. अठराचा झाला की ती घेऊन द्या.”

“सांगितले. गॅसच्या टाक्या वाहायची गाडी म्हणला.”

“मग टाक्याच वाहायला लावा. काम सांगून गाडी द्यायची, आणि परत यायला एवढा वेळ का लागला, ते विचारायचं नाही.”

“विचारणार! लाईन कसली असते, मला माहीत आहे.”